पडून राहणे म्हणजे आराम नव्हे

पोटाची शस्त्रक्रिया ठरली की घरात चौकशीला जोर येतो. सर्जन कोण, दवाखाना कोणता, खर्च किती, रजा किती दिवसांची, टाके कधी निघणार. एक प्रश्न मात्र सुट्टी होऊन घरी पोहोचेपर्यंत कोणाला सुचत नाही : आता झोपायचे कसे? डिस्चार्ज कार्डवर गोळ्यांची नावे असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते आणि शेवटी ‘आराम करा’ असे दोन शब्द. त्यांचा अर्थ प्रत्येक घर आपापल्या परीने लावते. बहुतेक घरांत तो ‘हलू नका’ असा लागतो आणि हाच अर्थ पेशंटला महागात पडू शकतो.

पोट घट्ट करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे ‘टमी टक’, आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. बाळंतपणांनंतर किंवा बरेच वजन उतरल्यावर ओघळलेली कातडी काढून घेण्यासाठी लहान शहरांतले लोकही प्लास्टिक सर्जनकडे जातात. ऊर्जानगर, चंद्रपूरकडच्या कुटुंबांना त्यासाठी जवळचे मोठे ठिकाण नागपूर. शस्त्रक्रिया तिथे होते आणि पुढचे दोन-तीन आठवडे मात्र सुमारे दीडशे किलोमीटर दूर, घरच्या पलंगावर काढायचे असतात. परतीच्या प्रवासापासूनच काळजी सुरू होते. गाडीची पुढची सीट थोडी मागे कलती करावी, सीट बेल्ट आणि पोट यांच्यामध्ये मऊ उशी ठेवावी आणि तासाभराने थांबून चार पावले चालावे.

या शस्त्रक्रियेत ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात. जादा कातडी व चरबी काढतात, मधोमध फाकलेले पोटाचे स्नायू शिवून जवळ आणतात आणि उरलेली कातडी खाली ओढून टाके घालतात. त्यामुळे पोटाचे कातडे ताणलेले असते. सपाट उताणे झोपले की सगळा ताण टाक्यांवर येतो. म्हणून पहिले साधारण दोन आठवडे पाठ ३० ते ४५ अंश उंच आणि गुडघे थोडे वाकवलेले, अशा आरामखुर्चीसारख्या स्थितीत झोपायला सांगतात. चालतानाही सुरुवातीला कमरेत किंचित वाकूनच चालायचे असते. सरळ कधी व्हायचे, कुशीवर कधी वळायचे, हे ज्याने टाके घातले त्या सर्जनने ठरवायचे. कुशीला बहुधा दोन ते चार आठवड्यांनी परवानगी मिळते. पालथे झोपणे मात्र सहा आठवडे तरी विसरावे. रक्त आणि पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या लावलेल्या असतील तर त्या अंगाखाली दबणार नाहीत, हे झोपण्यापूर्वी पाहावे.

पाठ उंच करणारा पलंग दवाखान्यात असतो. त्याला ‘फाउलर कॉट’ म्हणतात. न्यूयॉर्कचे सर्जन जॉर्ज रायर्सन फाउलर यांनी १९०० साली पोटात पू झालेल्या रुग्णांना असे अर्धवट बसते ठेवण्याची पद्धत मांडली. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात पू वर न पसरता ओटीपोटात उतरावा, हा त्यांचा हेतू होता. आज तो हेतू उरला नाही, पण ती स्थिती उरली. कारण तीत पोटाचे स्नायू सैलावतात आणि छातीला श्वासासाठी जागा मिळते. अशी कॉट भाड्याने मिळते. नसेल तर लाकडी खुर्ची पलंगावर पालथी घालून तिच्या उतरत्या पाठीवर गादी टाकली, की चांगला टेकू होतो. चूक होते ती डोक्याखाली चार उशा रचण्यात. त्याने फक्त मान वाकते, पोटावरचा ताण तसाच राहतो. उतार कमरेपासून हवा. गुडघ्यांखाली चादरीची गुंडाळी पुरते. झोळ पडलेली खाट मात्र टाळावी. तीत पाठीला आधार मिळत नाही आणि उठताना पोटालाच जोर लावावा लागतो.

इथपर्यंतचा भाग सोयीचा झाला. धोका पुढे आहे. ही स्थिती इतकी आरामाची वाटते की पेशंट तीतून हलत नाही आणि घरचेही हलू देत नाहीत. पिंढऱ्यांतले रक्त वर चढवण्याचे काम चालताना पायाचे स्नायू करतात. ते थांबले, त्यात गुडघे सतत वाकलेले राहिले, पाणी कमी प्यायले गेले, की पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतर शरीरात रक्त गोठण्याची प्रवृत्ती आधीच वाढलेली असते. टमी टकनंतरच्या गंभीर गुंतागुंतींपैकी ही सर्वांत भीतीदायक. बाळंतपणानंतरही पहिले सहा आठवडे हा धोका जास्त असतो आणि सिझेरियननंतर तो आणखी वाढतो.

वैद्यकशास्त्रालाही हे उशिरा उमगले. शिकागोचे एमिल रीस यांनी १८९९ मध्येच रुग्णांना एक-दोन दिवसांत उठवून बसवायला हरकत नाही, असे लिहिले होते. पण पुढची चाळीस वर्षे पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे अंथरुणात ठेवण्याचीच रीत चालू राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाटा आणि माणसे कमी पडली, रुग्णांना लवकर उठवावे लागले आणि ते अधिक बरे होतात असे दिसले. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी लवकर उठणे, लवकर खाणे आणि दुखणे नीट आटोक्यात ठेवणे यांची एकत्र पद्धत बसवली. आज जगभर तीच वाट धरली जाते. आपल्या घरांत मात्र ती जुनी रीत मुक्कामाला आहे.

म्हणून जागेपणी दर तासाला दहा-पंधरा वेळा पावले वर-खाली हलवावीत. दिवसातून चार-पाच वेळा आधार घेऊन घरातल्या घरात चालावे. पट्टा लावला असेल तर तो श्वास अडेल इतका आवळू नये, त्याला चुण्या पडू देऊ नयेत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, पट्ट्याखाली सुती बनियन घातले तर घामाने कातडी सोलवटत नाही. याच दिवसांत पाणी मोजून पाजण्याची चूक होते. पाण्याने टाके पिकत नाहीत, भातानेही पिकत नाहीत. ते जंतुसंसर्गाने पिकतात.

अंथरुणातून उठणे हा दुसरा अवघड घाट. सवयीने माणूस मान उचलून थेट उठून बसू पाहतो आणि सगळा जोर टाक्यांवर येतो. योग्य रीत अशी : आधी गुडघे वाकवावेत. खांदे आणि कंबर एकदम फिरवून, ओंडका वळवावा तसे, कुशीवर यावे. पाय पलंगाखाली सोडतानाच कोपर आणि तळहाताने रेटा देत बसावे. मिनिटभर बसून मग उभे राहावे. ही कृती शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, पोट दुखत नसताना, दोन-तीन वेळा करून घेतली तर ती अंगवळणी पडते. नंतर वेदनेत शिकवलेली रीत लक्षात राहत नाही.

टमी टक थोडे लोक करून घेतात. सिझेरियन, हर्निया, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया आणि नसबंदी मात्र घराघरांत आहे. त्यांत कातडी ताणून शिवलेली नसते, म्हणून सपाट झोपायला मनाई नसते. ज्या स्थितीत दुखत नाही ती स्थिती चांगली. कुशीवर झोपताना पोटाला खालून लहान उशीचा टेकू आणि दोन गुडघ्यांमध्ये दुसरी उशी घेतली तर ओढ बसत नाही. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर पोटात भरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो. तेव्हा पाठ उंच ठेवून पाहावी. हालचाल आणि कुशीवर वळून उठण्याची रीत मात्र सगळ्यांना सारखीच लागू आहे.

इथे एक जुना समज आडवा येतो : पाठीत इंजेक्शन दिले आहे, चोवीस तास उशी घ्यायची नाही, मान उचलायची नाही. याचे मूळ खरे आहे. जर्मन सर्जन आउगुस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये मणक्यातून भूल देण्याची सुरुवात केली. स्वतःवर प्रयोग करून घेतल्यावर त्यांना स्वतःलाच अनेक दिवस डोकेदुखी झाली आणि ती आडवे झाल्यावर थांबत असे. पण आडवे पडून राहिल्याने ती डोकेदुखी टळत नाही, हे अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केल्यावर स्पष्ट झाले आहे. ती कमी झाली बारीक आणि विशिष्ट टोकाच्या सुया आल्यामुळे. तरीही कित्येक बाळंतिणींना पहिला दिवस उशीशिवाय, हलायची चोरी असल्यासारखा काढावा लागतो. बाळाला पाजायचे असते तेव्हाच त्यांचे हाल होतात. पायांत ताकद परत आली आणि भूलतज्ज्ञाने हो म्हटले, की उशी घ्यायला आणि उठून बसायला हरकत नसते.

चंद्रपूर-गडचिरोलीला या प्रश्नाची आणखी दोन अंगे आहेत. पहिले खोकल्याचे. वीज केंद्र आणि कोळसा खाणींच्या या पट्ट्याची नोंद केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांत केली होती. जुना खोकला घेऊनच शस्त्रक्रियेला जाणारे इथे कमी नाहीत. टाक्यांवर खोकल्याचा झटका फार लागतो, म्हणून लोक खोकला दाबतात आणि कफ छातीत साचतो. उशी पोटाशी दोन्ही हातांनी घट्ट धरून खोकावे, जोर उशी झेलते. खोकल्याची माहिती सर्जनला आधीच द्यावी आणि खर्राही लपवू नये. तंबाखूतल्या निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा आखडतो, जखम भरत नाही आणि टमी टकमध्ये तर कातडीची कड काळी पडू शकते.

दुसरे अंग सिकलसेलचे. या दोन जिल्ह्यांत हा आजार घराघरांत माहीत आहे. सिकलसेलचा रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सपाट पडून उथळ श्वास घेत राहिला तर फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, प्राणवायू कमी पडतो, लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या अडवतात. छातीत दुखणे, ताप, दम असा गंभीर प्रकार त्यातून उद्भवतो. अशा रुग्णासाठी पाठ उंच ठेवणे, दर तासाला खोल श्वास घेणे, भरपूर पाणी आणि कूलरचा झोत थेट अंगावर न घेणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे. म्हणून पोटाच्या कोणत्याही ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी सिकलसेलची तपासणी झालेली असावी.

पण हे सांगायचे कोणाला आणि कसे? एटापल्ली, भामरागडच्या पाड्यावर परतणाऱ्या बाईला पलंगाचे चित्र दाखवून उपयोग नाही. ती जमिनीवर, मच्छरदाणीत झोपते. जमिनीवरून उठायला दुप्पट जोर लागतो आणि पावसाळ्यात मण्यार सापाची भीती वेगळी. तिच्यासाठी सल्ला निराळा हवा : महिनाभर तरी बाज मिळवा, तिच्यावर फळी टाका. तेही नसेल तर कुशीवर वळून, हातांवर आणि गुडघ्यांवर येऊन, भिंतीचा किंवा माणसाचा आधार घेऊन उठा. ‘घरी कुठे झोपता?’ हा प्रश्न भरती करतानाच विचारला गेला पाहिजे. त्याला पैसा लागत नाही.

डिस्चार्ज कार्डवर ‘आराम करा’ ऐवजी चार ओळी हव्यात : कसे झोपायचे, कसे उठायचे, दिवसातून किती वेळा चालायचे आणि कशासाठी तातडीने परत यायचे. एका पायाची पिंढरी सुजली-दुखली, अचानक दम लागला, छातीत दुखले, ताप आला, जखम लाल झाली किंवा पोटाची एक बाजू एकाएकी फुगली, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. दम लागला किंवा छातीत दुखले तर १०८ ला फोन करावा.

ही चार ओळींची माहिती घरापर्यंत नेणारी व्यवस्था याच भूमीत जन्मली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बाईला शिकवून नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची पद्धत उभी केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून ती देशभर आशाताईंच्या गृहभेटींत उतरली. या भेटी बाळाच्या ४२ व्या दिवसापर्यंत चालतात. आईला गुठळीचा धोका असतो तेही हेच दिवस. बाळाचे वजन करताना आशाताईने आईला एवढेच विचारावे : ‘उठून दाखव पाहू. पिंढरी दुखते का? आज किती चाललीस?’ सिझेरियन झालेली बाई आज घरात पाठ टेकून निमूट पडून आहे आणि घरचे समाधानाने म्हणत आहेत, ‘आराम करते आहे.’ त्या घरात हे तीन प्रश्न वेळेवर पोहोचले पाहिजेत.