गाडी आमची, पदवी आमची; काटा मात्र त्यांचा!



शिरोळ तालुक्यातल्या एका गावची बैठक संपली तरी एक जुना कार्यकर्ता मागे रेंगाळला. ऊसदरासाठी अनेकदा रस्त्यावर बसलेला हा गडी. हळू आवाजात म्हणाला, "पोरगं पुण्यात इंजिनिअर हाय म्हणून गावात सांगतोय खरं, पण आठ म्हैने झालं, टॅक्सी चालवतंय." मुलगा मेकॅनिकलचा पदवीधर. कंपनीने माणसे कमी केली, त्यात त्याचा नंबर लागला. आता दुपारी मुलाखती आणि सकाळ-रात्र मोबाईलवर येतील ती भाडी.

सांगताना बापाची मान खाली होती. आम्ही विचारतो, का? चोरी केली आहे का पोराने? नोकरी मिळेपर्यंत बापापुढे हात पसरायचा नाही, म्हणून तो स्टेअरिंग धरतो. नांगर धरणाऱ्याच्या पोराला स्टेअरिंगची लाज कसली? "एवढं शिकून डायव्हरच झाला," असे चावडीवर हसणाऱ्यांनी आधी आपल्या घरातल्या पदव्या मोजाव्यात.

लाज वाटायची तर दुसऱ्या गोष्टीची वाटली पाहिजे. चार वर्षे गणित शिकलेल्या या पोराला स्वतःच्या कमाईचा हिशेब मांडता येत नाही. गाडीचा हप्ता त्याचा, सीएनजी त्याचा, टायर त्याचे, पोलिसाचा दंडही त्याचाच. भाडे मात्र ॲप ठरवते. काल ज्या रस्त्याला एक दर, आज त्याच रस्त्याला दुसरा. का, ते सांगायला कोणी नाही. एखाद्या गिऱ्हाइकाने तक्रार केली की आयडी बंद. बाजू ऐकून घेणारा साहेब नाही, दार ठोठवावे असे ऑफिस नाही. आणि या माणसाला कंपन्या म्हणतात 'पार्टनर'! खर्चात पार्टनर आणि दर ठरवताना परका, अशी भागीदारी आम्ही ऊसवाल्यांनी नाही ओळखायची तर कोणी?

पिकवायचे आपण आणि दर ठरवायचा दुसऱ्याने, यात आपल्या पिढ्या गेल्या. काटामारीवर आपण भांडलो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 14 दिवसांत पैसे द्या असे लिहिले आहे. तेवढ्यासाठीही रस्त्यावर उतरावे लागते. पण कारखान्याचा काटा निदान डोळ्यांना दिसतो. संशय आला तर बाहेरच्या काट्यावर वजन करा, असे आपण म्हणू शकतो. पोराचा काटा त्याच्याच खिशातल्या मोबाईलमध्ये आहे आणि तरी त्याला दिसत नाही!

हे पोर तिथे पोहोचले कसे, तेही बघा. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. बहुजनांच्या पोरांसाठी वसतिगृहे काढली. 1983 नंतर राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली, आणि ऊसबिल फीच्या खिडकीवर जाऊ लागले. बिल पुरले नाही तिथे कर्ज काढले, गुंठे विकले. शेती तोट्यात, म्हणून पदवी घेतली. पदवीला भाव नाही, म्हणून टॅक्सी घेतली. पीक दोनदा बदलले. भाव न ठरवता येण्याचा रोग तोच राहिला.

आणि हे एकट्या पोराचे दुखणे नाही. नीती आयोगाने 2022 साली सांगितले की 2020-21 मध्ये देशात असे 77 लाख कामगार होते आणि 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाख होतील.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाली. ॲपच्या कंपन्यांनी उलाढालीचा 1 ते 2 टक्के हिस्सा कामगारांच्या निधीत द्यावा, असे त्यात आहे. जुलै 2025 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत स्वतःची गाडी चालवणाऱ्याला भाड्यातले किमान 80 टक्के द्या, आणि विमा काढा, असे म्हटले आहे. राजस्थानने 2023 साली आणि कर्नाटकाने 2025 साली स्वतंत्र कायदे केले. चांगले आहे. पण विमा अपघातानंतर कामाला येतो. रोजची चूल भावावर पेटते.

कोणी म्हणेल, तुम्ही यंत्राच्या आणि बाजाराच्या विरोधात आहात. मुळीच नाही. ॲपमुळे परक्या शहरात पोराला ओळखीशिवाय त्याच दिवशी काम मिळते, हे आम्ही मान्य करतो. खुला बाजार आम्हालाही हवा. पण ज्या बाजारात एकालाच दोन्ही बाजूंचे पत्ते दिसतात, तो खुला कसा?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. गिऱ्हाइकाने किती मोजले आणि चालकाला किती मिळाले, हे प्रत्येक फेरीच्या पावतीवर छापा. दर कसा बांधला, ते मराठीत उघड करा. बाजू ऐकल्याशिवाय कोणाचा आयडी बंद करू नका. अनुदान नको, दया नको, हिशेब दाखवा!

जिल्ह्याच्या बैठकीत हा विषय घेऊ. येताना शहरात गाडी चालवणाऱ्या पोरांना सोबत आणा. आणि बापांनो, गावात खोटे सांगणे बंद करा. ज्याला हिशेब मागायचा आहे, त्याने मान वर ठेवली पाहिजे.