‘स्लो झालाय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

“कॉम्प्युटर स्लो झालाय” हे वाक्य आपल्या घरांत “आजोबांना हल्ली ऐकू येत नाही” अशा सुरात म्हटलं जातं. वय झालं, चालायचंच. त्या सुरात थोडी हळहळ असते आणि थोडी सुटकाही. मग त्यावर प्लास्टिकचं कव्हर चढतं, कव्हरवर इस्त्रीला द्यायचे कपडे येतात, आणि दिवाळीच्या ऑफर बघू असं ठरतं. तोवर सगळी कामं मोबाईलवर ढकलायची.

मला या सुराबद्दलच भांडायचंय. कॉम्प्युटर म्हातारा होत नाही. २०१३ साली तीन गिगाहर्ट्झने चालणारा प्रोसेसर आजही तीन गिगाहर्ट्झनेच चालतो. सिलिकॉनला गुडघेदुखी नसते. फार तर त्याच्या पंख्यात धूळ बसते, प्रोसेसरवर लावलेली पेस्ट वाळून खडू होते, आणि गरम झालेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतो. ते ब्रश, ब्लोअर आणि पेस्टच्या एका ट्यूबचं काम आहे. बाकी जो संथपणा आपण ‘वय’ म्हणून खपवून घेतो, तो बहुतेक वेळा बाहेरून लादलेल्या ओझ्याचा असतो. आणि ओझं म्हटलं की ते कुणी टाकलं, हे विचारता येतं. ‘वय झालं’ म्हटलं की प्रश्नच मिटतो. विकणाऱ्यांना तो मिटलेलाच बरा वाटतो.

पास्कल ही भाषा बनवणाऱ्या निकलाउस विर्थ यांनी १९९५ साली एक लेख लिहिला होता. हार्डवेअर जितक्या वेगाने सुधारतं, त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंदावत जातं, ही त्यातली तक्रार. याला लोक ‘विर्थचा नियम’ म्हणतात, पण स्वतः विर्थ यांनी त्याचं श्रेय मार्टिन रायझर या सहकाऱ्याला दिलं होतं. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ९५ला किमान ४ एमबी रॅम लागायची. २००१च्या एक्सपीला ६४ एमबी. विंडोज ११ला किमान ४ जीबी, म्हणजे ९५च्या हजार पट, आणि तेवढ्यात ती कशी चालते हे ज्याने पाहिलंय त्याला ‘किमान’ या शब्दाचा खरा अर्थ कळलेला आहे. या हजार पटीत आपल्याला काहीच मिळालं नाही असं मी म्हणणार नाही. मराठी युनिकोडमध्ये सरळ लिहिता येतं, व्हिडिओ कॉल होतात, एक प्रोग्रॅम कोसळला तर अख्खं मशीन निळं पडत नाही. पण पत्र टाईप करणं हजार पट चांगलं झालंय का? आजची बरीच चॅटची आणि मीटिंगची डेस्कटॉप ॲप्स ही मुळात वेबपेजं असतात. प्रत्येक ॲप स्वतःसोबत एक अख्खा ब्राउझर घेऊन येतं. तीन ॲप्स उघडली की तीन ब्राउझर चालू, आणि शिवाय तुमचा नेहमीचा चौथा. बनवणाऱ्या कंपनीचे कष्ट वाचले, त्याचं बिल तुमच्या रॅमवर फाटलं.

आता तुमच्या घरातल्या त्या कव्हरखालच्या मशीनकडे येऊ. ते विंडोजचं असेल तर चालू करा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील. दहा-बारा वर्षं जुनं मशीन असेल तर सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवर आरामात बसलेला आणि डिस्क शंभर टक्क्यांवर घाम गाळताना दिसण्याची शक्यता दांडगी. म्हणजे ज्याला आपण म्हातारा ठरवलं तो प्रोसेसर रिकामा बसलाय, आणि वाट बघतोय हार्ड डिस्कची.

का, याचं गणित शाळेतलंच आहे. लॅपटॉपमधली नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती वाचायच्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी ते टोक योग्य जागी सरकावं लागतं, त्यात आणखी दहाएक मिलिसेकंद जातात. विखुरलेल्या छोट्या छोट्या फायली वाचायच्या असतील, आणि विंडोज सुरू होताना नेमकं हेच चालतं, तर अशी डिस्क सेकंदाला साठ-सत्तर कामं करते. एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही, तीच कामं ती सेकंदाला हजारोंनी करते. फरक टक्क्यांत मोजायचा नसतोच, पटींत मोजायचा असतो. ज्या मशीनला सुरू व्हायला चहा होऊन पिऊन व्हायचा, ते अर्ध्या-पाऊण मिनिटात कामाला लागतं. खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीतला अगदी लहान हिस्सा, आणि हातात स्क्रू ड्रायव्हर. साटा जोडणीची साधी २५६ जीबीची एसएसडी पुरते. फोटो आणि सिनेमे जुन्या डिस्कवर राहू देत. अर्थात डिस्क बदलण्याआधी सगळ्याची एक प्रत दुसरीकडे काढायची, हे सांगायला नको, तरी सांगतो.

एसएसडीनंतर रॅम. ४ जीबी असेल तर ८ करा. रॅम कमी पडली की कॉम्प्युटर डिस्कलाच रॅमसारखं वापरायला लागतो, आणि ती डिस्क फिरणारी असेल तर झालंच कल्याण. पण रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजरमधलाच स्टार्टअपचा भाग बघा. प्रिंटरवाला, अपडेटवाला, गाणीवाला, गेमवाला, सगळे मशीन सुरू होताच आत घुसून बसलेले असतात. त्यातला अँटिव्हायरस तेवढा ठेवा, बाकीच्यांना बाहेर काढा. हे फुकट आहे, आणि म्हणूनच कुणी सुचवत नाही.

सुचवलं जातं ते भलतंच. एकतर “फॉरमॅट मारावा लागेल”. आमच्या भागातल्या एका दुकानात कुठल्याही दुखण्यावर हेच औषध मिळतं. झाकण न उघडता, डिस्क कुठली आहे हे न विचारता. फॉरमॅट मारल्यावर महिनाभर बरं वाटतं, कारण स्टार्टअपमधली गर्दी गेलेली असते. डिस्क मात्र तीच, सेकंदाला ९० फेरेवाली. दुसरं औषध म्हणजे ‘पीसी क्लीनर’. लाल अक्षरांत तुमच्या मशीनमध्ये शेकडो चुका सापडल्याचं सांगणारं, आणि त्या दुरुस्त करायला पैसे मागणारं. त्या रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमांना मायक्रोसॉफ्टही पाठिंबा देत नाही. विंडोज ज्यांनी बनवली तेच हात वर करतात, तिथे तुम्ही कशाला पैसे मोजता?

मोबाईलवरही तुम्ही हे पाहिलंय. ‘रॅम बूस्टर’ नावाची ॲप्स. बटण दाबलं की रॉकेट उडतं आणि “१.२ जीबी मोकळी झाली” असं येतं. अँड्रॉइड स्वतःची मेमरी स्वतःच सांभाळतो. बूस्टरने मारलेली ॲप्स थोड्या वेळात परत सुरू होतात, आणि त्यात बॅटरी जास्त जाते. रिकामी रॅम ही रिकाम्या खुर्च्यांसारखी असते, बसायला कुणी नसेल तर तिचा उपयोग काय? आणि फोनचा संथपणा नेहमी ‘वया’चाच असतो असं मानणाऱ्यांनी डिसेंबर २०१७ आठवावा. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग आपणच अपडेटमधून कमी केला, हे ॲपलने तेव्हा मान्य केलं. फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून केलं, असं कारण दिलं, आणि ते कारण खोटं नव्हतं. पण ज्यांचा फोन संथ झाला त्यांना ते आधी सांगितलं नव्हतं. अनेकांनी बॅटरी बदलायच्या ऐवजी फोन बदलला. २०२०मध्ये फ्रान्सने याच न सांगण्याबद्दल अडीच कोटी युरोंचा दंड लावला.

आता सगळ्यात मोठं ओझं. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. पुढे सुरक्षेचे अपडेट हवे असतील तर विंडोज ११ घ्या, आणि ती अधिकृतपणे हवी तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर. एका फटक्यात २०१६-१७ची धडधाकट मशीनं अपात्र. सुरक्षा हे कारण खरं आहे. नव्या प्रोसेसरांत काही संरक्षणं हार्डवेअरमध्येच आहेत, हे मी नाकारत नाही. पण मग २०२१च्या ऑगस्टमध्ये याच कंपनीने सातव्या पिढीतला एक प्रोसेसर, कोअर आय-सेव्हन ७८२०एचक्यू, यादीत कसा घेतला? हा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ या महागड्या मशीनमध्ये होता. आपलं मशीन बाहेर राहिलं असतं तर नाचक्की झाली असती. ड्रायव्हर नव्या पद्धतीचे आहेत, हा खुलासा. ठीक. पण म्हणजे रेघ मारणाऱ्याला ती वाकवताही येते, हे त्याच दिवशी दिसलं. तुमच्या आठ वर्षांच्या लॅपटॉपसाठी कोण वाकवणार?

सामान्य ग्राहकांना ऑक्टोबर २०२६पर्यंत जादा अपडेट मिळण्याची सोय आहे, ती जरूर घ्या. तेवढा वेळ एक पेनड्राइव्ह तयार करायला भरपूर आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी रॅमवर उभी राहते आणि ४ जीबीवर व्यवस्थित चालते. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते: वायफाय लागतं का, आवाज येतो का, मराठी टाईप होतं का. इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे. “लिनक्स आपल्याला नाही जमणार” म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की केरळच्या सरकारी शाळांत अनेक वर्षं मुलं लिनक्सवरच शिकताहेत. आठवीतल्या मुलांना जे जमतं ते इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला न जमायला काय झालं?

अडचणी आहेत. तुमच्या काकांचं डीटीपीचं दुकान पेजमेकर आणि श्रीलिपीवर चालत असेल, तर त्यांना लिनक्सचं प्रवचन देऊ नका. त्यांच्या वीस वर्षांच्या फायली जुन्या फॉन्टांत अडकलेल्या आहेत. त्यांचं मशीन इंटरनेटपासून तोडून निवांत चालू द्या, बँकेची कामं दुसरीकडे करा. आणि प्रत्येक जुनं मशीन वाचवण्याच्या लायकीचं नसतं. पेंटियम ४ वीज खातो, खोली तापवतो आणि आजच्या ब्राउझरसमोर हात टेकतो. तो योग्य त्या ई-कचरा संकलनाकडे द्या. रद्दीवाल्याला नको, कारण तिथून ही यंत्रं दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत जातात, जिथे माणसं उघड्या हातांनी ती फोडून त्यातला धातू काढतात. माझी रेघ साधारण २०११-१२च्या कोअर आय मालिकेवर आहे. त्यापुढचं काहीही टाकायच्या आधी उघडून बघा. डेस्कटॉप असेल तर प्लग काढून, आणि एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही.

हे सगळं मी मोबाईलवर वाचणाऱ्यांना का सांगतोय? कारण घरातला कॉम्प्युटर बंद पडला की तोटा तुमचा होतो, कंपनीचा नाही. मोबाईलवर वाचता येतं, बघता येतं, फॉर्म भरता येतो. दहा पानांचा निबंध, हिशेबाचं शीट, पंचवीस ओळींहून मोठा प्रोग्रॅम, हे अंगठ्याने करणारे शूर असतील, पण त्यांचा वेळ जातोय. एमएचटी-सीईटी २०१९पासून कॉम्प्युटरवर होते. त्या परीक्षेत माऊस पहिल्यांदा हातात घेणारी मुलं असतात, आणि त्यांच्यातल्या काहींच्या नातेवाइकांकडे कव्हर घातलेला एक ‘म्हातारा’ पडून असतो. एक एसएसडी, एक पेनड्राइव्ह आणि एक रविवार, एवढ्याच्या अंतरावर.

शिवाय त्या जुन्या यंत्राकडे एक गोष्ट आहे जी नव्याकडे नाही: स्क्रू. मागचं झाकण निघतं, रॅम खाचेतून सुटते, डिस्क बाहेर येते. आजच्या अनेक सडपातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते. ८ जीबी घेतली तर मरेपर्यंत ८ जीबी. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचा दहापैकी गुणांक छापावा लागतो. आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, पण दुकानातल्या खोक्यावर असा आकडा शोधून दाखवा. तेव्हा यंदा नवा घ्यायचाच असेल, तर लॅमिंग्टन रोडवर असा किंवा मॉलमध्ये, स्क्रीनचा रंग आणि बॅगेची ऑफर बघण्याआधी दोन गोष्टी विचारा: रॅम सोल्डर केलेली आहे का, आणि एसएसडी बदलता येते का. बहुतेक ठिकाणी समोरचा माणूस दोन क्षण गप्प होईल, आतल्या कुणाला तरी हाक मारेल, आणि मग म्हणेल, “उघडतंय कोण साहेब आजकाल?”