विश्लेषण : व्हे, आयसोलेट की सोया? प्रोटीनचा डबा घेण्याआधी काय पाहाल?

छत्रपती संभाजीनगरात उस्मानपुऱ्यातलं शासकीय तंत्रनिकेतन असो की शहरातलं दुसरं कुठलं कॉलेज, जिम लावली की आठवडाभरात प्रश्न येतो : कोणता डबा घेऊ?

त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. डब्यावर लिहिलंय तेवढं प्रोटीन आत आहे का? केरळमधील डॉक्टरांनी भारतात विकली जाणारी ३६ उत्पादनं तपासली. २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. जवळपास ७० टक्के उत्पादनांवरची प्रोटीनची माहिती चुकीची होती, काहींत तर निम्मंच प्रोटीन निघालं. १४ टक्क्यांत बुरशीपासून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश.

हे जमतं कसं? नेहमीच्या चाचणीत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून हिशेब मांडतात. ग्लायसिन, टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्लं मिसळली की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रोटीनही. घटकांच्या यादीत ही नावं वेगळी दिसली तर डबा खाली ठेवा.

आता प्रकार. चीज-पनीर करताना उरणाऱ्या पाण्यातून व्हे मिळतं. कॉन्सन्ट्रेटमध्ये साधारण ८० टक्क्यांपर्यंत प्रोटीन असतं, आयसोलेटमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास. आयसोलेटमध्ये लॅक्टोज कमी, म्हणून दूध पचत नसेल तरच त्याचे जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ आहे. दूध अजिबात नको असेल तर सोया किंवा वाटाण्याचं प्रोटीन. सडपातळ मुलं ज्याच्या मागे लागतात त्या ‘मास गेनर’मध्ये बहुतेक वेळा प्रोटीन कमी आणि माल्टोडेक्स्ट्रिन, साखरच जास्त असते. महागडं पीठच म्हणा ना! तुलना करताना स्कूपवर जाऊ नका, ‘प्रति १०० ग्रॅम’चा आकडा बघा.

मुळात लागतं किती? आयसीएमआरच्या हिशेबाने वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ५० ग्रॅम. नियमित वजन उचलणाऱ्याला थोडं जास्त. दोन अंडी (१२ ग्रॅम) आणि ५० ग्रॅम सोया वड्या (सुमारे २६ ग्रॅम) यांत बराचसा भाग निघतो, उरलेलं पोळी-वरणात. शरीर कमावण्यासाठी पावडर टाळा, असं २०२४ च्या आयसीएमआर-एनआयएन मार्गदर्शक सूचनाही सांगतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तरीही घेणारच असाल तर १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक तपासा, पक्कं बिल घ्या. डब्याबद्दल शंका आली तर तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, आणि तेव्हा हे बिल लागतं.