आधी मोजा, मग बदला

जुन्या पिकअपचं इलेक्ट्रिकल दुखणं म्हणजे डॉक्टरच्या दारात पोचल्यावर थांबणारा खोकला. गॅरेजमध्ये एका सेल्फला स्टार्ट, आणि पहाटे भाजी भरून मार्केटला निघायचं म्हटलं की नुसतं 'टक्'! अशा वेळी "बॅटरी बदला, मग अल्टरनेटर बदला" हा जो सर्रास सल्ला मिळतो, तो मला मुळीच पटत नाही. काकांच्या गाडीत दोन्ही नवे बसले. दुखणं तिथंच.

माझं मत विचाराल तर पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून चासी-इंजिनला जाणारी पट्टी १५-२० वर्षांत गंजते. धक्क्याने जोड कधी टेकतो, कधी सुटतो. मीटरवर ओहम मोजले तर सगळं ठणठणीत दिसतं, कारण मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. त्याला एक धागा शाबूत असला तरी पुरतो. सेल्फ मागतो १०० अँपिअरच्या वर! म्हणून एकाने चावी फिरवायची आणि दुसऱ्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल व इंजिन ब्लॉक यांच्यामधले व्होल्ट बघायचे. आकडा ०.५ च्या वर गेला की चोर सापडला. (हे दुखणं चालू असतानाच मोजायचं, बरं का. गाडी शहाण्यासारखी वागत असताना मोजून काय उपयोग?)

काकांची पट्टी दीड व्होल्ट खात होती. नवीन पट्टीची किंमत बॅटरीच्या बिलाशेजारी लिहायलाही संकोच वाटावा इतकी. जुना अल्टरनेटर मात्र तोवर भंगारात गेला होता, चांगला चालू असलेला. काकू अजून त्यावरून बोलते.