पुळणीवरची सायकल

तुमच्यापैकी बहुतेकांना सायकल येते. आता घरातील पाच-सहा वर्षांच्या भावंडांची पाळी आहे आणि त्यांना शिकवणारे बहुधा तुम्हीच असणार.

लहान सायकलीच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी छोटी चाके लावतात. माझ्या मते ती काढून टाकावीत. त्यांच्यामुळे सायकल झुकतच नाही. मग तोल म्हणजे काय, हे मुलाला कळणार कसे? सायकल डावीकडे पडू लागली की हँडल डावीकडेच वळवावे लागते. फळ्यावर कितीही वेळा लिहिले तरी हे पटत नाही. हात मात्र ते आपोआप शिकतात. सुरुवातीला पेडलही काढावेत. (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे पाना फिरवताना लक्षात ठेवा.) सीट इतकी खाली करावी की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. मूल पायांनी रेटा देत पुढे जाते. जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी १८१७ साली बनवलेल्या दुचाकीलाही पेडल नव्हते. तीही अशीच चालवत. एकदा तोल सापडला की पेडल पुन्हा लावावेत.

यासाठी आपल्या अलिबाग-मुरूडकडच्या मुलांना मोठे मैदान शोधावे लागत नाही. ओहोटीला उघडी पडलेली ओली पुळण घट्ट असते. तिच्यावर चाक सहज धावते. कोरड्या वाळूत तेच चाक रुतते. पडले तरी डांबरी रस्त्याइतके लागत नाही. पण समुद्राची वेळ पाळावी लागते. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे चांदच्या पहिल्या आणि चौदाव्या तारखेच्या आसपास, पाणी जास्त मागे हटते आणि भरतीला तितकेच वर चढते. सायकलसाठी रोज पुळणीवर जाणारे मूल हे पुस्तकाआधीच शिकते. अर्थात, भरती सुरू झाली की त्याला वर घेऊन येणे तुमचे काम.

एक गोष्ट मला खटकते. पुष्कळ घरांत मुलगी मोठी झाली की तिची सायकल भावाकडे जाते. हायस्कूल मात्र तीन-चार किलोमीटर दूर असते. एस.टी. चुकली की त्या दिवशी शाळा बुडते आणि पुढे कधी कधी ती सुटतेच. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या मोहिमेबरोबर खेड्यांतील हजारो स्त्रियांना सायकल शिकवली गेली. त्यांत मुस्लिम घरांतील तरुणीही होत्या. सुरुवातीला त्यांच्यावर शेरे मारणारे लोक होते. तरी त्या शिकल्या आणि बसची वाट न पाहता कामाला, बाजाराला जाऊ लागल्या.

तेव्हा येत्या रविवारी पुळणीवर जाताना धाकट्या बहिणीलाही न्या. आधी तिला बसवा. भाऊ हट्ट करील, त्याला थोडे थांबू द्या. खाऱ्या पाण्याने लोखंड लवकर गंजते. म्हणून घरी आल्यावर साखळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तिला तेल घालायचे काम दोघांनाही द्या.