मोहीम लठ्ठपणाविरुद्ध की लठ्ठ माणसाविरुद्ध?

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २३ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाचा प्रश्न मांडला आणि खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी घटवण्याचे आवाहन देशाला केले. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरूनही त्यांनी हा विषय पुन्हा काढला. मे महिन्यात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेच्या प्रमाणाची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. याच काळात वजन घटवणारी नवी इंजेक्शने भारतात दाखल झाली. मार्चमध्ये ‘मौंजारो’ आले, जूनमध्ये ‘वेगोव्ही’. आतापर्यंत घरातल्या टोमण्यांपुरता राहिलेला देहाच्या आकाराचा विषय वर्षभरातच सरकारी धोरणाचा आणि बाजारपेठेचा झाला.

आरोग्याच्या दृष्टीने ही मोहीम अनाठायी आहे असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न वेगळा आहे. जाड माणसाची खिल्ली उडवणे हा जिथे आधीपासूनच सर्वमान्य विनोद आहे, तिथे अशी मोहीम पोहोचली की तिचे काय होते? बेळगाव-निपाणीचा सीमाभाग या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी योग्य ठिकाण आहे. गोव्याशी त्याचा भाजीपासून सोयरिकीपर्यंत रोजचा संबंध आहे, आणि तिथे जे दिसते ते गोमंतकीय घरांनाही अनोळखी नाही.

पैलवान आणि जाडी

बेळगाव, निपाणी, चिकोडी हा पट्टा तालमींचा. कोल्हापूरच्या कुस्तीचा वारसा या मातीतही रुजला आहे. इथे भरदार अंगाच्या पुरुषाला ‘पैलवान’ म्हणून हाक मारली जाते, मग त्याने आयुष्यात कधी लंगोट बांधलेला नसला तरी चालते. पोट सुटलेला व्यापारी ‘खात्यापित्या घरचा’ ठरतो. तेवढ्याच वजनाच्या बाईला मात्र ‘जाडी’, ‘ढोली’, ‘भोपळा’ ही विशेषणे चिकटतात. शब्द मराठी असो की कन्नडमधला ‘दप्प’, त्यातला सूर सारखाच असतो. ज्या दोन भाषांमध्ये सहा दशकांहून अधिक काळ वाद सुरू आहे, त्या दोन्ही भाषांत हा टोमणा सारख्याच सहजतेने मारला जातो.

या दुटप्पीपणाची पहिली झळ लग्नाच्या वेळी बसते. स्थळांच्या जाहिरातींतून आणि परिचयपत्रांतून ‘गोरी, सडपातळ’ ही जोडी अजून हटलेली नाही. मुलगी शिकलेली असो, कमावती असो, बैठकीत तिच्या अंगाकडे पाहून शेरा मारण्याचा अधिकार आपल्याला आहे असे पाहुण्यांना वाटते. लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावला जाणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांनाही हा प्रसंग परिचित असेल. कपडा अंगावर धरून पाहताना ‘आधी थोडी बारीक हो, मग शिवू’ असे म्हणणारी एखादी आत्या किंवा काकू बहुधा बरोबर असतेच.

पुढचा टप्पा बाळंतपणाचा. घरची वडीलधारी मंडळी मायेने डिंकाचे, अळिवाचे लाडू खाऊ घालतात, तूप वाढतात. वर्षभराने त्याच घरात ‘बाळंतपणानंतर अंग सुटलं हिचं’ ही चर्चा सुरू होते. बारीक बाईचीही सुटका नाही. तिच्यासाठी ‘काडी’ आणि ‘पाप्याचं पितर’ तयार असतात. देह कसाही असो, त्यावर बोलण्याचा हक्क इतरांचा आहे, हे इथे गृहीतच धरलेले असते.

कुस्तीचे उदाहरण इथे वेगळ्या अर्थानेही उपयोगी आहे. १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव ५७ किलो गटात खेळले. कुस्तीच्या स्पर्धेत वजन हा गट ठरवण्याचा निकष असतो. लढतीचा निकाल वजनावरून लावत नाहीत. ज्या भागाला हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, त्या भागात आखाड्याबाहेर मात्र वजनावरून माणसाचा निकाल लावला जातो.

काट्याला न दिसणारे

आता आकडेवारीकडे वळू. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील २४ टक्के महिला अतिवजन किंवा लठ्ठ गटात मोडतात. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २३ टक्के, कर्नाटकात ३० टक्के, तर गोव्यात ३६ टक्के आहे. याच सर्वेक्षणात कर्नाटकातील जवळपास निम्म्या महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे जाड दिसणारी बाई ‘खाऊनपिऊन सुखी’ असेल हा समज चुकीचा ठरू शकतो. देह भरलेला असतो आणि रक्त कमी असते, अशा कितीतरी जणी असणार. वजनाच्या पलीकडे न पाहणाऱ्या नजरेला हे दिसत नाही.

ही आकडेवारी ज्या मोजमापावर उभी आहे, त्या ‘बॉडी मास इंडेक्स’चा इतिहासही लक्षात घ्यावा लागतो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या संख्याशास्त्रज्ञाने मांडले. तो वैद्य नव्हता. लोकसमूहाची सरासरी शोधणे हा त्याचा हेतू होता. या सूत्राला आजचे नाव अमेरिकी संशोधक अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दिले. त्याची मर्यादा दाखवणारे एक गाजलेले उदाहरण पुण्याचे आहे. के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा निर्देशांक २२.३, अगदी सारखा. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही मधुमेहाचा धोका लपलेला असू शकतो, हे त्या एका छायाचित्राने सांगितले.

जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही केवळ या निर्देशांकावरून लठ्ठपणाचे निदान करू नये, अशी शिफारस केली. कंबरेचा घेर किंवा चरबीचे थेट मापन करावे, आणि अवयवांच्या कार्यावर परिणाम झाला आहे की नाही हे पाहूनच आजार ठरवावा, असे आयोगाचे म्हणणे आहे. जे तज्ज्ञांना मोजूनही ठामपणे सांगता येत नाही, ते बसमधला सहप्रवासी नुसत्या नजरेने कसे सांगणार?

याचा अर्थ धोका काल्पनिक आहे असा होत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. गोमंतकीय वाचकाला हा आकडा दुर्लक्षून चालणार नाही. म्हणूनच उपचार काय आणि अपमान काय, यातला फरक नीट कळणे अधिक निकडीचे आहे.

लाजेने वजन घटत नाही

‘बोलल्याशिवाय सुधारणार कसे?’ हा टोमणे मारणाऱ्यांचा नेहमीचा युक्तिवाद. पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला लठ्ठ नसलेल्या, परंतु वजनावरून भेदभाव सोसलेल्या व्यक्ती चार वर्षांनंतर लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट आढळली. २०२० मध्ये विविध देशांतील तज्ज्ञांनी ‘नेचर मेडिसिन’मध्ये संयुक्त निवेदन काढून हा कलंक आरोग्याला अपायकारक असल्याचे आणि उपचारांच्या आड येत असल्याचे स्पष्ट केले.

उपचारांच्या आड तो कसा येतो, हे कोणत्याही गावच्या दवाखान्यात पाहता येते. गुडघा दुखो, पाळी अनियमित असो की दम लागो, तपासणीपूर्वीच ‘वजन कमी करा’ हे उत्तर मिळाले की रुग्ण पुढच्या वेळी जाण्याचे टाळतो. तोवर दुखणे वाढलेले असते. साध्या साधनांचाही यात वाटा आहे. जाड दंडाला नेहमीच्या मापाचा पट्टा बांधून रक्तदाब मोजला तर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. मोठ्या मापाचा पट्टा ठेवणे ही कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राला परवडणारी गोष्ट आहे.

निपाणीच्या संदर्भात आणखी एक मुद्दा येतो. हे तंबाखूचे आणि विड्यांचे गाव. इथल्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांच्या संघर्षावर ‘युगांतर’ या चित्रपटगटाने दीपा धनराज यांच्या दिग्दर्शनाखाली १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. आपल्या शरीराचे कामाच्या जागी काय होते, हे त्या बायकांनी एकत्र येऊन सांगितले आणि मालकांकडे त्याचा जाब मागितला. विडीकामगार बाई आजही दर हजारी मजुरीच्या हिशेबाने दिवसभर एका जागी बसून विड्या वळते. तिला ‘रोज तासभर चाला, फळे खा’ हा सल्ला देणे सोपे आहे. तो तास आणि ती फळे तिच्या मजुरीत कुठून येणार, याचे उत्तर मोहिमेच्या फलकावर नसते. नव्या इंजेक्शनांचे तर नावच नको. ‘मौंजारो’चा बाजारात येतानाचा महिन्याचा खर्चच सुमारे १४ हजार रुपये होता. ‘वेगोव्ही’तील सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यानंतर स्वस्त पर्याय आले तरी ‘आता औषध आहे, मग अजून जाड का?’ हा नवा टोमणा त्यांच्यासोबत येण्याची शक्यता आहे. वजनाचा सगळा दोष इच्छाशक्तीवर टाकला की मजुरी, कामाचे तास आणि बाजारातले अन्न यांवर कोणी बोलत नाही.

मुक्ती कशापासून?

पाश्चात्त्य देशांत या भेदभावाविरुद्ध संघटित आवाज उठून अर्धशतक उलटले. १९६९ मध्ये अमेरिकेत जाड व्यक्तींच्या हक्कांसाठी संघटना स्थापन झाली, १९७३ मध्ये जाहीरनामाही निघाला. आज ज्याला ‘बॉडी लिबरेशन’ म्हणतात ती कल्पना याच वाटेने पुढे आली. ‘देहमुक्ती’ म्हटले की मराठी मनाला आत्मा देहातून सुटणे आठवते. इथला अर्थ अगदी व्यावहारिक आहे. देहाने अपमानातून सुटावे, एवढीच ही मागणी. प्रत्येकाने आपल्या देहावर प्रेम करावे अशी सक्ती त्यात नाही. नोकरी, उपचार, प्रवास आणि शिक्षण यांत देहाचा आकार आड येऊ नये, असे तिचे म्हणणे आहे.

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या १९७६च्या कायद्यात उंची आणि वजनावरून भेदभावाला मनाई आहे. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये तसाच कायदा केला. भारतात उलट चित्र दिसते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१४ मध्ये विमानातील कर्मचाऱ्यांसाठी निर्देशांकाची मर्यादा घातली, तेव्हा पुरुषांना २५ पर्यंत आणि महिलांना २२ पर्यंत मुभा दिली. निपाणीच्या गल्लीतला पैलवान आणि जाडी यांच्यातला फरक सरकारी परिपत्रकातही उतरला होता.

मराठी मनोरंजनविश्वाने या विषयाला हात घातला, हे मान्य करायला हवे. ‘वजनदार’ (२०१६) हा चित्रपट आला. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘सुंदरा मनामध्ये भरली’ या मालिकेत अक्षया नाईक नायिका झाली. वनिता खरात हिने २०२१ मध्ये एका दिनदर्शिकेसाठी निर्वस्त्र छायाचित्र काढून आपल्या देहाबद्दल कोणतीही लाज नसल्याचे जाहीर केले. तरीही विनोदी कार्यक्रमांत जाड कलाकाराच्या वाट्याला स्वतःच्या अंगावरचाच विनोद येतो, हे चित्र फारसे पालटलेले नाही.

मार्च २०२५च्या प्रारंभी काँग्रेसच्या प्रवक्त्या शमा मोहम्मद यांनी रोहित शर्माला जाड म्हटले आणि देशभर गहजब झाला. पक्षाने ती टिप्पणी मागे घ्यायला लावली. ९ मार्चला चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात रोहितने ७६ धावा केल्या, तो सामनावीर ठरला आणि टीकाकारांना उत्तर मिळाले असे सर्वांनी म्हटले. पण ज्यांच्या हाती करंडक नाही त्यांचे काय? बेळगावच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीने किंवा म्हापशाच्या दुकानात काम करणाऱ्या बाईने सन्मान मिळवण्यासाठी कोणत्या धावा काढायच्या?

काय करता येईल

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. शाळेत मुलांचे वजन घ्यायचे असेल तर ते वर्गासमोर मोठ्याने वाचू नये. शारीरिक शिक्षणाच्या तासाला जाड मुलाला विनोदाचा विषय करू नये. दवाखान्यात आधी तक्रार ऐकावी, वजनाचा विषय रुग्णाला विचारून काढावा. जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेमुळे महिलांचा बसप्रवास मोफत झाला. भरलेल्या बसमध्ये ‘हिला दोन सीट लागतात’ असे कोणी पुटपुटले तर वाहकाने आणि सहप्रवाशांनी त्यात हसून सामील होऊ नये. वधूवर मंडळांनी परिचयपत्रातून ‘सडपातळ’ हा शब्द काढून टाकावा. आणि घरात, जेवायला बसलेल्या माणसाच्या ताटाकडे पाहून बोलणे थांबवावे.

तेल दहा टक्क्यांनी घटले की नाही, हे बाजाराच्या हिशेबातून कळेल. मोहीम यशस्वी झाली की नाही, हे मात्र एकदा दवाखान्यात येऊन गेलेली बाई पुढच्या तपासणीला पुन्हा येते की नाही, यावरून ठरेल. तिथे तिला पुन्हा यावेसे वाटले पाहिजे.