खुर्चीला घाबरणाऱ्यांच्या वतीने

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य दंत परिषद, यांस



गेली नऊ वर्षं मी उजव्या बाजूनंच जेवते. डावीकडची खालची दाढ किडली, ठणकली, मग लवंगेच्या तेलावर दिवस काढू लागली. पैशांची अडचण नव्हती, दवाखानाही गल्लीच्या तोंडाशीच. अडचण होती ती त्या खुर्चीची. पहिल्या खेपेला मशीनचा आवाज सुरू झाला आणि मी डॉक्टरांचा हातच धरला. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, "अहो, लहान मुलंसुद्धा बसतात!" तोंडात कापसाचे बोळे होते, नाहीतर उत्तर दिलं असतं. उठून घरी आले.

आमची पिढी "दंगा केलास तर सुई टोचायला लावीन" हे ऐकत वाढली. वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, हेही घरोघरी ऐकलेलं. इतक्या वर्षांची ही भीती "घाबरू नका" म्हटल्यानं जाईल कशी?

मागच्या दिवाळीत पुण्यात भाच्याच्या सहा वर्षांच्या मुलीबरोबर दवाखान्यात गेले. तिच्या नाकावर छोटा मास्क लावला; त्यातून ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड. दोन-तीन मिनिटांत पोरीचे आवळलेले खांदे सैल पडले. झोपली मात्र नाही, "आ कर" म्हटलं की आ करत होती. काम संपल्यावर पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला, आणि घरी येऊन ती नेहमीसारखी भेंडीच्या भाजीवरून भांडलीही. मोठ्यांनाही हा वायू देतात, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. नऊ वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

वास्तविक दात काढताना हा वायू वापरण्याचा शोध आपल्याच व्यवसायाचा. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी होरेस वेल्स या दंतवैद्यानं हाच वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती.

हा वायू सर्वांना चालत नाही, हे मला आता कळलं आहे. गरोदरपणाचे पहिले तीन महिने नको, नाक चोंदलेलं असेल तर उपयोग नाही. बी-१२ कमी असेल तर जपावं लागतं, आणि आमच्यासारख्या शाकाहारी घरांत ते पाहायलाच हवं. शिवाय त्यानं मुख्यतः धास्ती कमी होते; दुखू नये म्हणून हिरडीत सुई घ्यावी लागतेच. याखेरीज तासभर आधी घ्यायची गोळी असते, पण एकदा गिळली की तिचा डोस कमी करता येत नाही आणि घरी न्यायला माणूस लागतं. शिरेतून मिडाझोलम द्यायचं तर प्रशिक्षित माणूस, ऑक्सिजन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि औषधाचा उतारा हाताशी हवा. पूर्ण भूल द्यायची तर उपाशीपोटी रुग्णालयात, भूलतज्ज्ञांसमोर.

म्हणूनच प्रत्येक दवाखान्यात मशीन बसवा, असं मी म्हणत नाही. अर्धवट शिकून कुणी झोपेच्या गोळ्या वाटू लागलं, तर त्यापेक्षा माझी नऊ वर्षं बरी.

मागणी एका फलकाची आहे. आपल्याकडे नोंदणी असलेल्या प्रत्येक दंतवैद्याच्या दवाखान्यात, रुग्ण बसतात त्या खोलीत, मराठीत लिहिलेलं असावं: भीती वाटत असेल तर आधी सांगा, इथे अमुक सोय आहे, ती अमुक व्यक्ती देते, खर्च इतका. सोय नसेल तर कुठे पाठवतो, तेही. घाबरणारा माणूस स्वतःहून विचारत नाही, तो वेळ घेतो आणि ऐनवेळी येत नाही. असे रुग्ण आपल्या सभासदांनी रोज पाहिलेले असतील.

माझी बी-१२ची तपासणी झाली, आकडा ठीक आहे. येत्या गुरुवारी साताऱ्याहून सकाळच्या एसटीनं पुण्याला निघते आहे. हेच काम गल्लीच्या तोंडाशी झालं असतं.

आपली,
एक रुग्ण, सातारा